चावडीपुढे ढकललेली फटफटी

आबा,

काल नातीने मोटारसायकल घेतली. तिची पहिलीच, आणि तीही बंद. टेम्पोत घालून आणली, सांगलीतल्या आमच्या बिल्डिंगखाली चौघांकडून उतरवून घेतली आणि मला गॅलरीतून हाका मारून खाली बोलावलं. चांगली नोकरी आहे तिला, नवी कोरी घेता आली असती; पण हिला कुणाच्या तरी गोठ्यात गंजत पडलेलीच हवी होती. "इंजिन जाम आहे फक्त, आजी, बाकी सगळं ओरिजिनल आहे," म्हणाली. मी म्हटलं, माझंही तसंच आहे, पण मला टेम्पोत घालून न्यायला कुणी येत नाही. ती हसली आणि टाकीचं झाकण उघडून मला वास घ्यायला लावला. कुजक्या पेट्रोलचा वास किती वर्षांनी आला मला. जिना चढून वर आले, दार लावलं, आणि तेव्हापासून तुमच्याशी भांडते आहे.

तुम्ही हे वाचणार नाही, हे मला ठाऊक आहे. आपण आत्मा मानत नाही, तुम्हीच शिकवलंत. पण रागाला समोर आत्मा असावा लागत नाही. तुम्ही इथेच, सांगलीत, साध्या तापाने गेलात, मी तेव्हा नुकती नोकरीला लागले होते, आणि जे बोलायचं होतं ते नंतर बोलू असं म्हणत राहिले. आता मी तुम्ही गेलात त्या वयापेक्षा कितीतरी म्हातारी आहे. म्हणजे आज मी तुमची मोठी बहीण आहे असं समजा, आणि मुकाट्याने ऐका.

तुम्ही देवी टोचायचात. लढाईवरून सुटून आलात, सरकारी नोकरी मिळाली, आणि माण तालुक्यातल्या वाड्यावस्त्या सायकलवर पालथ्या घालू लागलात. ज्या घरांच्या उंबऱ्याला आपली सावली चालत नव्हती, त्या घरांतल्या आया तान्ही पोरं तुमच्या पुढ्यात धरायच्या. तुम्ही दंडावर लस टोचलीत की पोर उचलून आत न्यायच्या आणि तुम्ही उभे होतात तिथे पाणी शिंपडायच्या. तुम्ही पेटी बंद करून पुढच्या घराकडे निघायचात. "पोराला देवी न्हाई आली म्हंजे झालं," एवढंच तुमचं म्हणणं. मिशनच्या दवाखान्यातल्या एका सिस्टरने तुमचं काम पाहिलं आणि मला साताऱ्याच्या कॉन्व्हेंटात घेतलं. तिथे मी इंग्रजी शिकले, काट्याने खायला शिकले आणि मान ताठ ठेवून चालायला शिकले. सुट्टीत गावी आले की यातलं काहीही उपयोगाचं नसायचं.

आपली वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याजवळ. मोटाररस्ता वरच्या अंगाला. मधे चावडी, मारुतीचं देऊळ आणि गाव ज्यांना मालक म्हणायचं त्यांचं घर. आपल्यातल्या माणसाने चावडीपुढून वाहनावर बसून जायचं नाही. कुठे लिहिलेलं नव्हतं. सायकल असली तरी उतरायचं, हाताने धरून चालत न्यायची, मारुतीच्या पारापलीकडे गेलं की पुन्हा बसायचं. आपण धर्म बदलला त्या साली वस्तीने मेलेली ढोरं ओढायचं सोडलं, घरातले देव ओढ्यात सोडले, आणि गावाने त्याचा सूड पुढे कितीतरी दिवस उगवला. ते तुम्ही सोसलंत, पुढे होऊन सोसलंत. मात्र सायकलवरून उतरणं राहून गेलं. मी विचारलं तेव्हा म्हणालात, "एका वक्ताला एकच भांडण." दुसऱ्या भांडणाची वेळ कधी येणार, ते तुम्ही सांगितलं नाहीत.

मालकांचा मुलगा पलटणीत होता. त्याने पुण्याच्या लष्करी लिलावातून एक जुनी विलायती फटफटी आणली, रजेवर असताना दणाणत फिरवली, पुढे त्याची बदली लांब कुठेतरी झाली आणि ती वैरणीच्या छपरात उभी राहिली. कोंबड्या तिच्या सीटवर अंडी घालू लागल्या. तुम्हाला तीच हवी होती. लढाईत तुम्ही निरोप पोचवणारे मोटारसायकलवाले पाहिले होते. त्यांच्या मागची धूळ खाल्ली होती. "त्याला कुनी थांबवत न्हाई," तुम्ही सांगायचात, "सायेबाची मोटार सुदिक बाजूला व्हती." ते सांगताना तुमचा आवाज बदलायचा. आई तेव्हा चुलीकडे तोंड करून बसायची.

दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही मला बरोबर घेऊन मालकांच्या अंगणाबाहेर उभे राहिलात आणि फटफटी विकत मागितलीत. मालक ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. त्यांनी तुमच्याकडे पाहिलं, मग छपराकडे पाहिलं आणि हसू लागले. दुष्टपणाचं हसणं नव्हतं. त्यांना खरोखर गंमत वाटली होती. "घिऊन जा की रं," ते म्हणाले. "तुला बंदच बरी. न्हाईतरी चावडीम्होरनं ढकलतच न्यायची." ओसरीवरची माणसं हसली. तुम्हीही हसलात, आणि सौदा झाला. चालू असती तर त्यांनी ती मोडीत घातली असती, तुम्हाला दिली नसती. बंद पडलेली वस्तू आपल्या हातात गेली की बंदच राहणार, असं त्यांनी धरून चाललं होतं. आपण दोघांनी ती ढकलत चावडीपुढून नेली तेव्हा लोक उठून बाजूला झाले, एकाने दगड काढून वाट करून दिली. इतक्या प्रेमाने गावाने आपल्याला वाट कधी दिली नव्हती. मला ते आवडलं नाही. का, ते तेव्हा कळलं नाही.

गाडीबरोबर तिचं इंग्रजी पुस्तक मिळालं होतं. मी उंबऱ्यावर बसून वाचायची आणि तुम्हाला मराठीत सांगायची. प्लगच्या भोकातून डिझेल ओतून ठेवावं, थांबावं, किक हलकेच दाबून पाहावी, जोर लावू नये. जोर लावू नये, हे वाक्य तुम्हाला फार पटलं; मला तेव्हाच तुमचा राग यायला हवा होता. मी शाळेत परत गेले तरी तुम्ही रोज सकाळी एकदा किकवर पाय ठेवून बघायचात म्हणे, देवपूजा सोडलेल्या माणसाने. नाताळच्या सुट्टीत मी आले तेव्हा जाम झालेला पिस्टन सुटला होता. मग ठिणगी पाडणारा मॅग्नेटो पिशवीत घालून तुम्ही सांगलीला गेलात, कारण त्याची तार नव्याने गुंडाळून देणारा साताऱ्यात मिळाला नाही. मग क्लचच्या प्लेटा, मग साखळी. माझ्या नखांत काळं तेल राहायचं. कॉन्व्हेंटात एका सिस्टरने माझे हात सगळ्या वर्गाला दाखवले आणि तुमच्या लोकांत पाणी वापरत नाहीत का, असं विचारलं. मी तिला म्हटलं, वापरतो, मिळालं तर. त्याबद्दल मला जेवण मिळालं नाही.

आणि आई. फटफटीचा एक भाग बसला की घरातून एक भांडं जायचं. पिस्टन सुटला तेव्हा तांब्याचा हंडा गेला, औंधला मामाकडे. त्याच्याकडे कार्य आहे म्हणाली. मॅग्नेटो आला तेव्हा पितळी परात गेली. साखळी बसली तेव्हा घागर आणि लग्नातली गोधडी. मे महिन्यात मी आले तर घरात जर्मनची दोन पातेली आणि तवा उरला होता. तुम्ही त्या रिकाम्या फळीखाली बसून जेवायचात आणि एकदाही विचारलं नाहीत. मी विचारलं. आई भाकरी थापत होती, हात न थांबवता म्हणाली, "घर पेटल्यावर हंडं काढाया कोन बसतंय?" घर रिकामं होत होतं आणि अंगणात ते यंत्र भरत चाललं होतं. तुम्ही दोघं एकाच गोष्टीची तयारी करत होतात, आणि एकमेकांशी त्याबद्दल अक्षर बोलत नव्हतात.

संध्याकाळी मालक ओढ्याकडे फिरायला निघायचे आणि वस्तीच्या तोंडाशी थांबायचे. आत पाऊल टाकायचे नाहीत. सुरुवातीला मजेने विचारायचे, काय रं, झाली का चालू? तुम्ही हात पुसत उभे राहायचात आणि सांगायचात, न्हाई जी, लय जाम हाय. त्यावर तुम्ही दोघेही हसायचात. मॅग्नेटो सांगलीहून आल्यावर त्यांचं हसणं गेलं. पुढे विचारणंही गेलं. काठीवर दोन्ही हात ठेवून नुसते उभे राहायचे, पाहायचे आणि जायचे. आपल्या वस्तीतली माणसं आपल्या अंगणात टेकायची बंद झाली. दुकानदाराने आईला रॉकेल संपलं म्हणून सांगितलं. त्याच्या मागे डबे रचलेले तिला दिसत होते. कुणी शिवी देत नव्हतं, कुणी धमकी देत नव्हतं. मी सिस्टरांच्या शिस्तीत वाढलेली मुलगी. रागावणाऱ्या माणसांना कसं तोंड द्यायचं ते मला ठाऊक होतं. ही शांतता मला कुणी शिकवली नव्हती.

फटफटी माळावर चालू झाली. आपण ती ढकलत वर नेली होती, ऊन उतरलेलं होतं. किती किक मारल्यात कोण जाणे. मी पुस्तक मांडीवर घेऊन दगडावर बसले होते. एकदम तो आवाज आला आणि लांबवर एका धनगराची मेंढरं उधळली, त्याने तिथूनच आपल्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तुम्ही मोठ्याने हसत होतात. तुम्हाला तसं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. मला मागे बसवून तुम्ही माळाला फेऱ्या मारल्यात, टोपी उडाली ती घ्यायलाही थांबला नाहीत. वारा तोंडात जातो आहे, माझी वेणी सुटली आहे, आणि तुम्ही मागे वळून ओरडता आहात की पुस्तकात एवढं लिहिलं न्हवतं. मग आपण गावाच्या कडेला आलो. तुम्ही इंजिन बंद केलंत आणि उतरलात. मी विचारलं, काय झालं? "काय न्हाई," म्हणालात. "आता ढकलू."

त्या दिवसापासून तुमचं तेच. माळावरून फटफटीचा आवाज सगळ्या गावाला ऐकू यायचा, आणि थोड्या वेळाने तुम्ही घामाघूम होऊन ती चावडीपुढून ढकलत आणायचात. ती चालते, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. गाव पुन्हा हसू लागलं. चालू गाडी बंद असल्यासारखी ढकलणारा माणूस त्यांना बंद गाडीपेक्षाही जास्त आवडला. मी तुमच्याशी बोलणं टाकलं. एकदा जेवताना मात्र राहवलं नाही. म्हटलं, धर्म बदलला आणि गुडघे तेच ठेवले. तुम्ही भाकरीचा तुकडा परत ताटलीत ठेवलात. "तू साळंत जाशील," म्हणालात. "मग हितं आमी दोगंच. तुजं ताठ चालनं तिकडं चाल." तुम्ही मला कधी मारलं नाहीत. त्या दिवशी मारलं असतंत तर बरं, असं मला वाटलं.

शाळा उघडायची होती. आदल्या दिवशी एसटी आपल्या फाट्यावर थांबलीच नाही. मी दिवसभर पेटीवर बसून परत आले. म्हणून सकाळी तुम्ही म्हणालात, मीच सोडतो साताऱ्याला. मी गणवेश घातलेला, पांढरे मोजे, काळे बूट, रिबिनी. पेटी तुम्ही मागच्या कॅरियरला दोरीने आवळलीत आणि मग आपल्या अंगणातच किक मारलीत. वस्तीत तो आवाज पहिल्यांदाच झाला. शेजारच्या घराचं दार लागलं. आई बाहेर आली आणि म्हणाली, हितं कशाला चालू केली? तुम्ही तिच्याकडे पाहिलं नाहीत. मला म्हणालात, बस.

मी बसले. आपण पायी चालण्याच्या वेगाने निघालो. मी तुमच्या सदऱ्याला मागून धरलं होतं आणि मला वाटत होतं, आज होणार. देऊळ आलं. चावडीवर नेहमीची माणसं होती, आवाज ऐकून ती आधीच रस्त्याकडे वळून बसली होती. मालक उभे राहिले. तुमची पाठ माझ्या मुठीखाली दगडासारखी झाली, आणि मग सैल पडली, मला ते बोटांना कळलं. तुम्ही इंजिन बंद केलंत. पाय टेकलात, उतरलात. माझ्याकडे न बघता हळूच म्हणालात, "उतर." मी उतरले नाही. "उतर की, बाय." मी उतरले नाही. तुम्ही माझ्या पायांकडे पाहिलंत, मग हँडल नीट धरलंत आणि मला वर बसवून ढकलायला लागलात. मी त्या सीटवर, बूट-मोजे घालून, उत्सवमूर्तीसारखी, आणि तुम्ही वाकून गाडी ढकलणारे. तुम्ही फटफटीवर बसून गेला असतात तर त्यांना एवढं लागलं नसतं, असं मला आजही वाटतं.

मालक म्हणाले, "पोरगी न्हाई उतरली व्हय रं?"

तुम्ही थांबला नाहीत. ढकलता ढकलताच म्हणालात, "मालक, मी उतरलोय की."

आपण पाराशी पोचलो तेव्हा मागून मालकांचा आवाज आला, अगदी मायेचा. "सावकाश जा. माघारी यायचंय तुला."

साताऱ्याला कॉन्व्हेंटच्या फाटकाशी तुम्ही पेटी उतरवलीत, अभ्यास कर म्हणालात आणि वळलात. मी फटफटीचा आवाज रस्त्यावरून नाहीसा होईपर्यंत उभी होते, कारण मालकांच्या वाक्यातलं 'माघारी' मला ऐकू येत होतं. पुढचे कित्येक दिवस फाटकाशी कुणी आलं की मी वर्गातून बाहेर बघायची. शेवटी दिवाळीला तुम्ही आलात, धडधाकट, एसटीने. मी विचारलं, फटफटी? म्हणालात, विकली. मग मला गावी न नेता सांगलीला नेलंत, एका भाड्याच्या खोलीत, जिथे आई जर्मनच्या पातेल्यात आमटी ढवळत होती. बदली झाली, म्हणालात. मी विश्वास ठेवला. तुमच्यावर विश्वास ठेवायची मला सवय होती, याचाही मला राग आहे.

खरं मला आईने सांगितलं, तुम्ही गेल्यावर. तुम्ही साताऱ्याहून परत आलात, चावडीपुढे उतरलात, गाडी ढकलत घरी आणलीत. कुणी काही केलं नाही. दिवसामागून दिवस गेले आणि कुणीच काही केलं नाही, आणि आई म्हणाली, तेच सगळ्यांत वाईट होतं. मग एका सकाळी अंगणात फटफटी नव्हती. वस्तीच्या विहिरीवर पहिली बाई पाणी शेंदायला गेली आणि तिचा पोहरा खाली लोखंडावर वाजला. माणमधली विहीर, तळाशी थोडं पाणी, आणि त्यावर तेलाचे रंग पसरलेले. गावाच्या विहिरीवर आपल्याला चढता येत नव्हतं. वस्तीतले सगळे पुरुष दोर घेऊन आले, तुमच्याबरोबर राबले, ती वर काढली; तुम्हाला कुणी बोल लावला नाही. पण पाणी उपसून उपसून वास जाईना. बायका लांबच्या झऱ्यावर जाऊ लागल्या, आणि आपल्या दारावरून रिकाम्या घागरी घेऊन जाताना त्यांच्यातली एकही आत बघायची नाही. तुम्हाला ते सोसवलं नाही. चावडीपुढून चालत जाताना मालकांनी तुम्हाला विचारलं म्हणे, "फटफटी बंद पडली व्हय रं?" तुम्ही त्याच आठवड्यात बदलीचा अर्ज केलात.

विहीर माझ्यामुळे गेली, असं मामीने मला एकदा ऐकवलं. मी तिला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. विहीर त्यांनी नासवली. त्यांनी, हातांनी, चार-सहा जणांनी मिळून, पाणी पिणाऱ्या माणसांच्या पाण्यात. त्यात माझा वाटा नाही आणि तुमचाही नाही, आणि हे मी तुम्हाला जिवंतपणी सांगायला हवं होतं. पण तुम्ही मला विकली म्हणून सांगितलंत. तुम्ही तो भार एकट्याने सांगलीला आणलात आणि मला त्याला हातही लावू दिला नाहीत. याबद्दल मी तुम्हाला माफ करणार नाही.

आता राहिली ती एक गोष्ट. मी उतरले नाही, ही आपल्या घराण्यातली मोठी कथा आहे. मी शाळेतून निवृत्त झाले तेव्हा माझ्या विद्यार्थिनींनी ती व्यासपीठावरून सांगितली. नातीला ती झोपताना ऐकवून मोठं केलं आहे. हे जे गंजकं भंगार तिने दारात आणलं आहे, ते त्या कथेपायी. कथा सुरू केली आईने, आणि आईला सांगितली तुम्ही: पोरगी लय हट्टाची, मी उतर म्हणत होतो, उतरलीच न्हाई.

आबा, तुम्ही उतर म्हणालात तेव्हा मी उतरायलाच निघाले होते. पाय हलेनात. मालकांच्या तोंडाकडे पाहिलं आणि गुडघ्यांखाली मला काही उरलंच नाही. पारापलीकडे गेल्यावर तुम्ही गाडी थांबवलीत, वाकलात, आणि माझे लटकणारे पाय एकेक करून हातात घेऊन फूटरेस्टवर ठेवलेत. मग काही न बोलता किक मारलीत. तुम्हाला तिथे चावडीपुढेच कळलं होतं. मालकांना तुम्ही जे म्हणालात ते मी इतकी वर्षं लाचारी म्हणून धरून बसले. तुम्ही माझ्या वाटचंही उतरला होतात.

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही आणि नातीला सांगणार नाही. ती वर येते आहे, जिन्यात तिचे पाय वाजताहेत, हा कागद मी आता फाडणार आहे. बाकीचा राग तसाच आहे.